रोमनांनी न विचारलेला प्रश्न

पावसाळा सरला की संध्याकाळच्या आभाळात श्रवण नक्षत्र ठळक दिसतं. मध्ये एक तेजस्वी तारा आणि दोन्ही बाजूंना त्याच्यापेक्षा फिके दोन तारे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांच्या दिव्यांतसुद्धा मधला तारा सहज सापडतो. त्याच्या दक्षिणेला आणखी काही मंद तारे आहेत. ते पाहायचे तर जुन्नरच्या डोंगरांतल्या अंधारात जावं लागतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या टॉलेमीनं ताऱ्यांची जी यादी केली, तिच्यात यांतल्या सहा ताऱ्यांपाशी एका तरुणाचं नाव आहे: अँटिनोअस. हा ना देव होता, ना पुराणातला वीर. रोमन सम्राट हेड्रियन याचा तो प्रियकर होता. इ.स. १३० मध्ये नाईल नदीत बुडून तो मेला, तेव्हा विशीच्या आसपासचा होता. टॉलेमी त्याच काळात अलेक्झांड्रियात आकाशाची निरीक्षणं करत होता.

याच टॉलेमीनं भूगोलावरही एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या पैठणचा उल्लेख आहे आणि तिथल्या राजाचं नावही आहे, ग्रीक उच्चाराच्या वळणानं लिहिलेलं. हा राजा म्हणजे सातवाहन घराण्यातला वासिष्ठीपुत्र पुलुमावी. त्याच्या राजवटीतला एक लेख लोणावळ्याच्या अलीकडे, कार्ल्याच्या लेण्यात, आजही वाचता येतो. म्हणजे एका माणसाच्या एका पोथीत सम्राटाचा लाडका आकाशात बसला आहे आणि दुसऱ्या पोथीत आपला पुलुमावी पैठणच्या गादीवर. प्राचीन रोम आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. पिंपरी-चिंचवडच्या दोन्ही बाजूंना, मुंबई रस्त्यावर आणि नाशिक रस्त्यावर, त्या जगाच्या खुणा दगडात कोरलेल्या आहेत.

चाकणहून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत जुन्नरला गेलात की तिथल्या लेण्यांत तीन यवनांची नावं भेटतात. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी खोदवून दिली. चिट नावाच्या यवनानं भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनानं लेण्याच्या दर्शनी भागासाठी दान दिलं. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर अनेक खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची नावं आहेत. सिंहध्वज आणि धर्म अशी इथलीच वाटावीत अशी नावं त्यांनी घेतली होती. देहूरोडच्या पुढे घोरावडेश्वरच्या डोंगरावर आपण महाशिवरात्रीला जातो, तिथल्या लेण्यातल्या लेखातही याच धेनुकाकटचं नाव आहे. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले, ग्रीक वळणाचे लोक. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरं, नाणेघाटासारखे घाट आणि जुन्नर, तेर, पैठण ही पेठांची गावं अशी त्यांच्या व्यापाराची साखळी होती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती मिळाली. या पोसायडनची एक कथा ग्रीक कवी पिंडार सांगतो: पेलॉप्स नावाच्या देखण्या कुमाराच्या प्रेमात पडून देवानं त्याला आपल्या सोन्याच्या रथातून ऑलिंपसवर नेलं. मूर्ती घडवणाऱ्या कारागिराच्या जगात ही गोष्ट कोणाला खटकणारी नव्हती.

मग प्रश्न पडतो तो असा. जुन्नरच्या पेठेपर्यंत ज्यांचा माल येत होता, त्या रोमन जगात पुरुषाचं पुरुषावर किंवा स्त्रीचं स्त्रीवर प्रेम जडलं, तर लोक काय म्हणत?

उत्तर चकित करणारं आहे. पुरुषा-पुरुषांतल्या प्रेमात रोमन माणसाला विशेष काही दिसतच नव्हतं. पुरुषाला स्त्री आवडते की पुरुष, यावरून माणसांचे दोन गट पाडावेत हे त्याच्या मनातही आलं नसतं. सुंदर माणूस आवडतो, मग तो मुलगा असो की मुलगी, ही त्याच्या दृष्टीनं रोजची गोष्ट. कवी कॅटुलसनं लेस्बिया नावाच्या स्त्रीवर कविता लिहिल्या, तशाच युवेंटियस नावाच्या तरुणावरही. टिबुलसनं डेलियावर लिहिलं आणि मॅराथस नावाच्या मुलावरही. व्हर्जिलच्या महाकाव्यात निसस आणि युरिअलस हे दोन तरुण योद्धे एकमेकांसाठी जीव देतात आणि कवी त्यांना अमर कीर्तीचं वरदान देतो. सुएटोनियसनं सम्राटांची चरित्रं लिहिली, त्यात क्लॉडियसबद्दल तो मुद्दाम नोंदवतो की याला फक्त स्त्रियांचं आकर्षण होतं, पुरुषांचं अजिबात नव्हतं. म्हणजे उल्लेख करावा असं वेगळेपण क्लॉडियसचं होतं!

पण याचा अर्थ रोममध्ये सगळं मोकळं होतं असा नाही. तिथे नियम होते आणि ते फार कडक होते. मात्र ते वेगळ्याच गोष्टीवर बोट ठेवत. रोमन समाज पाहायचा तो दर्जा. स्वतंत्र नागरिक असलेल्या प्रौढ पुरुषानं शय्येत वरचढ असावं, त्यानं भोगावं, स्वतः कोणाकडून भोगलं जाऊ नये, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की स्वतंत्र घरात जन्मलेल्या मुलामुलींना, दुसऱ्याच्या पत्नीला, कुलीन विधवेला हात लावायचा नाही. रोमन मुलगा वयात येईपर्यंत जांभळ्या काठाचा झगा घालायचा आणि गळ्यात बुला नावाचा ताईत बांधायचा. तो ताईत का बांधत असावेत, याची जी कारणं प्लुटार्क सुचवतो, त्यांत एक असं: हा स्वतंत्र घरचा मुलगा आहे, याला कोणी हात लावू नये, हे पाहणाऱ्याला कळावं. काठाचा झगा आणि ताईत ही त्या मुलाची ढाल होती.

ज्यांच्या गळ्यात ताईत नव्हता त्यांचं काय? गुलाम, गुलामगिरीतून सुटलेली माणसं, नट, देहविक्रय करणारे, यांच्याशी नागरिकानं काहीही केलं तरी त्याच्या अब्रूला धक्का लागत नव्हता. गुलाम ही मालकाची मालमत्ता. त्याला किंवा तिला काय हवं आहे, हा प्रश्न कायद्यात नव्हता आणि मालकाच्या मनातही येत नव्हता.

ज्युलियस सीझरची गोष्ट या चौकटीत पाहिली म्हणजे नीट कळते. विशीच्या सुमारास तो बिथिनियाचा राजा निकोमेडिस याच्या दरबारात राहिला होता. तेव्हापासून लोक कुजबुजू लागले ते आयुष्यभर थांबले नाहीत. इ.स.पू. ४६ मध्ये गॉल जिंकल्याच्या विजययात्रेत त्याचेच सैनिक त्यावरून टिंगलीची गाणी म्हणत चालले होते. सीझरनं शपथेवर इन्कार केला, तेव्हा लोक आणखी हसले. पण त्याला चिडवायचे कशावरून? पुरुषावर प्रेम केलं यावरून नव्हे. रोमचा नागरिक एका परक्या राजापुढे खालच्या बाजूला राहिला, असा तो टोमणा होता. सीझरनं निकोमेडिसला जिंकलं असं लोकांना वाटलं असतं, तर गाणी झालीच नसती.

दर्जाचा हा नियम किती खोल होता, हे सांगणाऱ्या दोन हकिगती रोमन इतिहासात आहेत. पहिली इतिहासकार लिव्ही सांगतो. इ.स.पू. ३२६ मध्ये गायस पब्लिलियस नावाचा एक तरुण बापाच्या कर्जापायी सावकाराकडे बांधील म्हणून राहत होता. सावकार लुसियस पपिरियसची नजर त्याच्या रूपावर गेली. आधी गोड बोलून झालं, मग धमक्या झाल्या. मुलगा बधेना, तेव्हा त्याचे कपडे उतरवून त्याला फटके मारले. पाठीवर वळ घेऊन मुलगा रस्त्यावर धावला. लोक जमले, गर्दी रोमच्या मुख्य चौकात, फोरममध्ये, आणि तिथून सिनेटच्या दारापर्यंत गेली, आणि कर्जासाठी माणसाचं शरीर बांधून घेण्याची प्रथाच रोमनं बंद केली. सामान्य रोमन माणसाच्या स्वातंत्र्याची ही जणू दुसरी सुरुवात होती, असं लिव्हीला वाटतं. एका तरुणाच्या नकारातून अख्खा कायदा बदलला!

दुसरी हकिगत सेनापती मारियसच्या छावणीतली, इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीची. गायस लुसियस नावाचा अधिकारी हा मारियसचा भाचा. हाताखालच्या ट्रेबोनियस या तरुण सैनिकाच्या तो मागे लागला होता. एका रात्री त्यानं ट्रेबोनियसला तंबूत बोलावलं आणि जबरदस्ती केली. ट्रेबोनियसनं तलवार उपसून त्याला ठार केलं. वरिष्ठाचा खून, तोही सेनापतीच्या भाच्याचा. शिक्षा मृत्यूच असणार असं सगळ्यांना वाटलं. कोणी बाजू घ्यायला तयार नव्हतं, तेव्हा ट्रेबोनियस स्वतःच उभा राहिला आणि आपण मोठमोठ्या भेटी नाकारूनही कसे ठाम राहिलो याचे साक्षीदार त्यानं उभे केले. मारियसनं शौर्याबद्दल देतात तो मुकुट मागवला आणि भाच्याला मारणाऱ्या सैनिकाच्या डोक्यावर आपल्या हातानं ठेवला.

या हकिगती वाचताना अंगावर काटा येतो, आणि दोन हजार वर्षांपूर्वी 'नाही' या शब्दाला इतकी किंमत मिळालेली पाहून आनंदही होतो. पण दोन्ही ठिकाणी एक अट आहे. पब्लिलियस स्वतंत्र नागरिकाचा मुलगा होता आणि ट्रेबोनियस स्वतंत्र सैनिक. त्यांच्या जागी गुलाम असता, तर फोरममध्ये गर्दी जमली नसती, मुकुटही आला नसता.

याची सर्वांत काळी बाजू नीरोच्या दरबारात दिसते. नीरोनं स्पोरस नावाच्या मुलाचं खच्चीकरण करवलं, त्याला मेलेल्या राणीसारखे कपडे घालायला लावले आणि ग्रीसच्या दौऱ्यात त्याच्याशी थाटात लग्न लावलं. दोन पुरुषांचं लग्न प्राचीन काळीही झालं होतं, असं सांगताना हे उदाहरण अनेकदा पुढे केलं जातं. मला ते मान्य नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नव्हती, त्याच्या लग्नात प्रेम शोधता येत नाही. आणि माणसं वस्तूंसारखी देण्याघेण्याचा हा व्यवहार आपल्या किनाऱ्यापर्यंतही पोहोचला होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याचा 'पेरिप्लस' हा मार्गदर्शक ग्रंथ भडोच बंदरात राजासाठी काय न्यावं ते सांगतो: चांदीची भांडी, उंची मद्य, तलम कापड, आणि त्याच यादीत गाणारे-वाजवणारे गुलाम आणि जनानखान्यासाठी सुंदर मुली. भांड्यांच्या ओळीत माणसं.

आता पुन्हा हेड्रियन आणि अँटिनोअसकडे वळू. सम्राटाला एक देखणा तरुण आवडतो, यात रोमला काही नवल नव्हतं. नवल होतं ते शोकाचं. अँटिनोअस बुडाला तेव्हा सम्राट सगळ्यांदेखत रडला आणि ते रडणं लोकांना पुरुषाला न शोभणारं वाटलं. त्यानं नाईलच्या काठी अँटिनोपोलिस नावाचं शहर वसवलं, मंदिरं बांधली, खेळांचे उत्सव सुरू केले. ग्रीक शहरांनी त्याची नाणी पाडली. साम्राज्यभर इतके पुतळे उभे राहिले की आजही शंभराच्या आसपास उरलेले आहेत: खाली झुकलेली मान, दाट कुरळे केस, रुंद छाती. रोमन जगातल्या थोड्याच चेहऱ्यांच्या एवढ्या प्रतिमा टिकल्या. गंमत पाहा, हा मुलगाही बिथिनियाचाच, जिथल्या राजावरून सीझरला टोमणे खावे लागले होते. पण एक गोष्ट मनाला टोचत राहते. ज्याचे शंभर चेहरे आपल्याकडे आहेत, त्याचा एकही शब्द आपल्याकडे नाही. सम्राटाचं प्रेम सगळ्या जगानं पाहिलं. त्या तरुणाच्या मनात काय होतं, हे टिपून ठेवावं असं कोणालाही वाटलं नाही.

स्त्रियांचं प्रेम तर या दर्जाच्या चौकटीत बसतच नव्हतं. भोगणारा पुरुष वर आणि बाकीचे खाली असा हिशेब असेल, तर दोन स्त्रिया एकमेकींना जवळ घेतात तेव्हा कोणाला वर ठेवायचं? रोमन लेखक इथे गोंधळतात, रागावतात किंवा टवाळी करतात. ओव्हिडनं इफिस आणि इयांथी या दोन मुलींच्या प्रेमाची सुंदर कथा लिहिली. इफिसच्या तोंडी प्रेमाची कळ त्यानं इतक्या जिव्हाळ्यानं घातली आहे की वाचणाऱ्याचं काळीज हलावं. पण लग्नाच्या आदल्या दिवशी त्याला एकच वाट सापडली: देवी आयसिस इफिसचा पुरुष करून टाकते.

ग्रंथांनी जे लिहिलं नाही, ते भिंतींनी आणि चिठ्ठ्यांनी जपलं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका दरवाजाशी भिंतीवर खरडलेली प्रेमकविता मिळाली. तिच्या शब्दांवरून अनेक अभ्यासकांना असं दिसतं की लिहिणारी स्त्री आहे आणि जिच्यासाठी लिहिलं तीही मुलगीच आहे. रोमन इजिप्तमधला दुसऱ्या शतकातला एक पपायरस मिळाला आहे. त्यात हेराइस नावाच्या स्त्रीसाठी पाताळातल्या शक्तींना साकडं घातलं आहे की सरापियास नावाच्या स्त्रीचं मन तिच्याकडे ओढून आण. ब्रिटिश म्युझियममध्ये एक संगमरवरी थडग्याचा दगड आहे. गुलामीतून सुटलेल्या दोन स्त्रिया, फॉन्टिया इल्युसिस आणि फॉन्टिया हेलेना, समोरासमोर उभ्या आहेत आणि त्यांनी उजवे हात एकमेकींच्या हातात दिले आहेत. रोमन शिल्पात नवराबायको असे हात धरून उभे राहतात. दोघी एकाच घरात गुलाम होत्या. स्वतंत्र झाल्यावर जगाला काय दाखवायचं, ते त्यांनी स्वतः ठरवलं. रोमच्या सगळ्या वैभवात मला हा दगड फार मोलाचा वाटतो, कारण इथे कोणी कोणावर वरचढ नाही.

रोममध्ये हे चाललं होतं, तेव्हा आपल्याकडे काय होतं? कार्ल्याच्या लेण्यात राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंना ब्रह्मचर्याचा नियम होता. समोर स्त्री असो की पुरुष, नियम मोडला की संघातून बाहेर. मनुस्मृती एका ठिकाणी पुरुषाशी संग करणाऱ्या द्विजाला अंगावरच्या कपड्यांसकट स्नान सांगते, दुसरीकडे तोच प्रकार जात घालवणाऱ्या पापांत मोजते, आणि कुमारिकेशी संग करणाऱ्या स्त्रीला मात्र फार कठोर शिक्षा सांगते. तिथे काळजी होती कौमार्याची आणि लग्नाच्या बाजारातल्या किमतीची. वात्स्यायनाचं कामसूत्र बहुधा तिसऱ्या शतकाच्या आसपासचं. त्यात कुंतल देशच्या सातकर्णी सातवाहनाचा उल्लेख येतो, म्हणजे आपला दख्खन त्याच्या माहितीतला होता. हा वात्स्यायन पुरुषा-पुरुषांतल्या संबंधांना आपल्या ग्रंथात एक प्रकरण देतो, आणि त्यात एक फार महत्त्वाची नोंद करतो: काही नागरक, म्हणजे शहरी रसिक पुरुष, एकमेकांचं हित पाहणारे, एकमेकांवर पक्का विश्वास बसलेले असतात, आणि ते परस्परांचा स्वीकार करतात. विश्वास आणि परस्परता! अशा संबंधांबद्दलच्या रोमन नियमांत मला ही दोन्ही सापडली नाहीत. देश, काळ, शास्त्र आणि आपलं मन पाहून माणसानं वागावं, असं सांगून तो तो विषय संपवतो.

मग या प्रेमाला गुन्हा कोणी ठरवलं? इथे इतिहास असं वळण घेतो की थक्क व्हावं. ज्या रोमनं अँटिनोअसला देव केलं, त्याच रोमनं, ख्रिस्ती झाल्यावर, ही वाट बंद केली. इ.स. ३४२ मध्ये पहिला कायदा आला. ३९० मध्ये रोमच्या कुंटणखान्यांतल्या पुरुषांना जाहीरपणे जाळण्याचा हुकूम निघाला. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियननं जाहीर केलं की अशा पापांमुळेच भूकंप होतात, दुष्काळ आणि रोगराई येते. हाच विचार चर्चच्या न्यायालयांतून इंग्लंडमध्ये गेला. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीनं तो राजाच्या कायद्यात आणला आणि शिक्षा ठेवली फाशीची. १८३७ मध्ये मेकॉलेनं हिंदुस्थानसाठी दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० मध्ये ती मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून कलम ३७७ आपल्याकडे लागू झालं: निसर्गाच्या क्रमाविरुद्ध संबंध ठेवल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा. दोन्ही माणसं प्रौढ आहेत का, दोघांची इच्छा आहे का, याची त्या कलमाला फिकीर नव्हती. आज अनेकांना समलिंगी प्रेम परदेशातून आलेलं वाटतं. परदेशातून आलं ते हे कलम.

मराठी माणसानं यावर गप्प बसणं पत्करलं नव्हतं. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला ते हरले. पण ज्या दोघांना समाजाच्या रागाची पुरेपूर कल्पना होती, ते एका बाजूला उभे राहिले, ही नोंद कायमची झाली. पुढे १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांनी समलिंगी प्रेमावरचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आणलं. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि डिसेंबर २०११ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर पहिली अभिमान पदयात्रा निघाली.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की प्रौढ माणसांनी संमतीनं, खासगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. त्या पाचांतले न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचं मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातलं, म्हणजे ज्या तालुक्यात चाकण आहे त्याच तालुक्यातलं. जुन्नरकडे जाणाऱ्या जुन्या वाटेजवळच्या गावातल्या घराण्याचा माणूस जस्टिनियन, हेन्री आणि मेकॉले यांच्या साखळीतला शेवटचा दुवा तोडणाऱ्यांत असावा, याचं मला खरंच फार अप्रूप वाटतं. न्यायालयानं त्या दिवशी जो प्रश्न मध्यभागी ठेवला, तो रोमनांनी या प्रेमाबाबत सगळ्यांसाठी कधी विचारलाच नव्हता: दोघांची मर्जी आहे का?

मात्र हा प्रश्न विचारायला आपण पूर्णपणे शिकलो आहोत असंही नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. अशा जोडप्यांच्या नात्याला कायद्यानं ओळख द्यावी, हे न्यायमूर्ती चंद्रचूडांचं मत तीन विरुद्ध दोन असं अल्पमतात राहिलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात कलम ३७७ची जागा रिकामी आहे. गुन्हा गेला हे उत्तम. पण संमतीशिवाय होणाऱ्या अत्याचारासाठी त्याच कलमाचा आधार घेता येत होता, तोही गेला. नव्या संहितेतली बलात्काराची व्याख्या फक्त स्त्रीवर पुरुषानं केलेल्या अत्याचाराची आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदाही तक्रारदार म्हणून स्त्रीलाच ओळखतो. चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली हजारो तरुण मुलं ठेकेदारीवर काम करतात आणि एकेका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांतल्या एखाद्याला वरिष्ठानं त्रास दिला, तर त्यानं कोणत्या कायद्याचा आधार घ्यायचा? पब्लिलियससाठी रोमचे लोक रस्त्यावर उतरले होते. याच्यासाठी संहितेत एक नेमकं कलमही नाही.

आणि त्याच खोल्यांत, त्याच पाळीच्या बसमध्ये, प्रेमात पडलेलीही मुलं आहेत, मुलीही आहेत. त्यांचं प्रेम रोमसारखं मालक-गुलामाचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला जागतिक कथाचित्रपटांचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळालं. वडिलांच्या सुतकासाठी शहरातून गावी आलेला आनंद आणि गावात शेती करणारा बाळ्या यांच्या प्रेमाची, एवढीच ती गोष्ट. दोघंही साधी माणसं, कोणी कोणाच्या वर नाही. सीझरच्या सैनिकांना या दोघांवर गाणं रचता आलं नसतं.

इतिहासातून मला हे एकच मिळालं आणि ते मी मनापासून मानतो. कोणत्याही काळी माणसं माणसांवर प्रेम करत आली, आणि प्रत्येक समाजानं त्या प्रेमाला आपापला प्रश्न विचारला. रोमनं दर्जा विचारला, मनूनं जात आणि कौमार्य विचारलं, मेकॉलेनं निसर्गाचा क्रम विचारला. एका पुरुषानं दुसऱ्यावर प्रेम केलं किंवा एका स्त्रीनं दुसरीवर, तर विचारण्यासारखा प्रश्न एकच आहे आणि तो स्त्री-पुरुषाच्या प्रेमालाही तितकाच लागू आहे: दोघं मोठी आहेत ना, आणि दोघांची खुशी आहे ना? उत्तर हो असेल, तर बाकीच्यांनी बाजूला व्हावं. उत्तर नाही असेल, तर सगळ्यांनी धावून जावं, मग त्रास सोसणारा स्त्री असो की पुरुष. तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी, तुमच्या कारखान्यातला सहकारी, तुमच्या खोलीतला जोडीदार कधी धीर करून तुमच्याशी या विषयावर बोलू लागला, तर त्याला दुसरा कोणताही प्रश्न विचारू नका. आणि तुमच्या आमदार-खासदारांना एवढं नक्की विचारा, की पुरुषावर होणाऱ्या बलात्काराचं कलम संहितेत केव्हा येणार.